पाटी समजून पुजलेला काळा चौकोन

हातात नुसता ब्रश धरून, टेप न लावता, छताच्या कडेनं सरळ रेघ ओढणारा माझ्यासारखा माणूस इकडं कॅनडात रिचमंड हिलपासून व्हिटबीपर्यंत सापडणार नाही. आमच्या स्वतःच्या हॉलमध्ये ती रेघ सोफ्याच्या वर आली की जरा खाली उतरते आणि टीव्हीपाशी दमून पुन्हा वर चढते, पण पाहुणे आले की मी तिकडचा लाइट लावत नाही.

मी नववीत शाळा सोडली असं लोकांना सांगतो. खरं म्हणजे शाळेनंच मला सोडलं. मास्तर म्हणाले, "तू उद्या नाही आलास तरी चालेल," आणि मी मास्तरांचं ऐकलेली ती एकच गोष्ट. मग जयसिंगपुरात मामाच्या हाताखाली घरं रंगवायला लागलो. बायको नर्स, हुशार. कॅनडाला बोलावलं ते तिला. तिनं येताना सोबत प्रेशर कुकर आणला, लोणचं आणलं, आणि मला आणलं. कुकर अजून नीट चालतो.

इथं येऊनही माझं काम तेच. नव्या कॉलनीतली घरं, नवे कॉन्डो, आणि आत सगळं पांढरं. त्या पांढऱ्याला इथं फार नावं. कुणाला बर्फासारखा हवा, कुणाला सायीसारखा, कुणाला ढगासारखा. मला विचाराल तर सगळे चुन्यासारखे. पांढऱ्यावर पांढरा हात मारायचा, आणि पहिला हात कुठं संपला, दुसरा कुठं चालू झाला हे बघायला तिरकं वाकून भिंतीला गाल लावायचा. संध्याकाळी चारशे एक हायवेवर गाड्यांच्या रांगेत बसलो की उजवा खांदा माझा नसतोच. घरी येतो, जेवतो, आणि ताटावरच डुलक्या घेतो. बायको म्हणते, आमच्या वॉर्डातले पेशंट तुमच्यापेक्षा जास्त बोलतात.

तर अशाच एका जेवणाच्या वेळी पोरीनं तो रशियन माणूस घरात आणला. पोरगी तेव्हा शाळेच्या शेवटच्या वर्षात. चित्रं काढायची. आम्ही मराठीत बोलायचं, तिनं इंग्लिशमध्ये उत्तर द्यायचं, असा आमच्या घरचा करार आहे. मला काही सांगायचं असलं की ती थोडी खाली उतरते आणि मराठी मिसळते.

"बाबा, शंभर वर्षांपूर्वी रशियात एका पेंटरनं फक्त एक ब्लॅक स्क्वेअर काढला. व्हाइटवर ब्लॅक. दॅट्स इट."

"बस?"

"बस."

"आणि मालकानं काम पास केलं?"

"देअर वॉज नो मालक, बाबा."

तिनं फोनवर चित्रं दाखवली. एकात तिरक्या पट्ट्या, एकात लाल तुकडा, एकात काळा गोल, एकात फुली. माणूस नाही, झाड नाही, घर नाही, कपबशीसुद्धा नाही. मी विचारलं, हे लोक असं का करायला लागले? ती म्हणाली, वस्तू काढून काढून त्यांना कंटाळा आला होता. त्यांना फक्त रंग आणि आकार पाहिजे होता, त्याच्यामागं कसलीही गोष्ट नको होती.

कंटाळा मला समजतो. तेवढा एक विषय मला शाळेत न जाता येतो.

"आणि लेटर त्यानं पांढऱ्यावर पांढरा स्क्वेअर पण काढला," पोरगी म्हणाली.

"तो तर मी रोज काढतो," मी म्हटलं.

बायको भात वाढता वाढता म्हणाली, "त्याचा म्युझियममध्ये आहे. तुमचा कुणाच्या तरी वॉशरूममध्ये आहे."

पोरीला आर्ट कॉलेजला जायचं होतं. बायकोला ते पटत नव्हतं. पोटापाण्याचं काय, हा तिचा प्रश्न, आणि उत्तर म्हणून मी समोरच बसलेलो, रंगाच्या बोटांनी भात खात. शेवटी मायलेकींचं ठरलं. एकदाच अप्लाय करायचं. चित्रं घेऊन इंटरव्ह्यूला जायचं. घेतलं तर घेतलं, नाही घेतलं तर गपचूप कंप्यूटर, आणि त्यावर पुन्हा रडारड नाही. पोरीनं हो म्हटलं, पण त्या दिवसापासून ती जेवताना पाय हलवायला लागली. तिचं सगळं त्या एका इंटरव्ह्यूवर आलं होतं.

बेसमेंटमध्ये घर तापवायच्या फर्नेसच्या मागं ती काहीतरी करत बसायची. "बाबा, तिकडं जाऊ नको," असं तिनं मला एकदा सांगितलंही होतं म्हणे. मी हो म्हटलंही होतं म्हणे. मी झोपेत बऱ्याच गोष्टींना हो म्हणतो. आमच्याकडचं ते लालभडक कार्पेट त्यातूनच आलं.

मग दसरा आला. तो आला आठवड्याच्या मधेच, म्हणून आम्ही इकडच्या पद्धतीनं तो ढकलत ढकलत शनिवारवर नेला. देवाला चालतं, शिफ्टला चालत नाही. त्या शनिवारी बायको हॉस्पिटलमध्ये, पोरगी बेकरीत पार्ट टाइमला, आणि मी घरी एकटा. म्हटलं, दोघी यायच्या आत पूजा मांडून ठेवू. एरवी घरात माझ्या नावावर पराक्रम म्हणजे फक्त दारातला बर्फ शोव्हलनं ओढणे.

रोलर धुतले, ब्रश विंचरले, ट्रे घासला, शिडी आणून उभी केली. बायकोचा स्टेथोस्कोप ठेवला, पोरीचा लॅपटॉप ठेवला. झेंडू मिळाला होता, आपटा नव्हता, म्हणून मागच्या अंगणातल्या मेपलची पानं ठेवली. सोन्यापेक्षा तीच जास्त सोनेरी दिसत होती. सगळं झालं आणि नेहमीची अडचण आली. पाटी नाही. दसऱ्याला पाटीवर सरस्वती काढायची, हळदीकुंकू वाहायचं, हे एवढंच मी शाळेत शिकलो, आणि नेमकी पाटीच या देशात मिळत नाही. दरवर्षी आम्ही कागदावर काढतो, पण कागदावरची सरस्वती म्हणजे ग्रोसरीच्या यादीसारखी दिसते.

अगरबत्तीचा पुडा शोधायला बेसमेंटमध्ये गेलो, आणि फर्नेसच्या मागं भिंतीला टेकून ठेवलेली पाटी दिसली.

आता तुम्हीच सांगा. काळी कुळकुळीत. चौकोनी. चारी बाजूंनी पांढरी चौकट. माझ्या डोळ्यांत पाणी आलं. मला वाटलं, बायकोनं कुठून तरी ऑनलाइन मागवली, आणि मला दसऱ्याला सरप्राइज द्यायला लपवून ठेवली. आमच्या लग्नाला इतकी वर्षं झाली, तिनं मला कधी सरप्राइज दिलं नाही, हे तेव्हा लक्षात यायला पाहिजे होतं.

पाटी वर आणली. पोरगी लहान असताना ड्राइव्हवेवर चित्रं काढायची, तो जाड खडू गॅरेजमध्ये सापडला. आणि बसलो मांडी घालून. ती सरस्वती तुम्हाला माहीत असेल. एकचे आकडे एकाला एक जोडत जायचे, उलटे, सुलटे, वर त्रिकोण, खाली त्रिकोण, की झाली सरस्वती. खडू जरा रुतत होता. पाटी किंचित चिकट लागली, सायीवरून बोट फिरवल्यासारखी. म्हटलं, बेसमेंटचा ओलावा. म्हणून अजून दाबून काढली. मग ओल्या बोटानं हळद, कुंकू, वर अक्षता, वर झेंडू. हात जोडले. म्हटलं, आई, मला तू पास नाही केलंस, माझ्या पोरीला कर.

फोटो काढला आणि फॅमिली ग्रुपवर टाकला.

सांगलीहून, पुण्याहून, जयसिंगपूरहून जोडलेले हात यायला लागले. एक मावशी म्हणाली, परदेशात राहून संस्कार जपलेस हो. मी खुश. आयुष्यात इतके हात माझ्यासाठी एकदम कधी जोडले गेले नव्हते. तेवढ्यात बेकरीतून पोरीचा मेसेज आला.

"बाबा. व्हॉट डिड यू डू."

त्यालाही दोन काकांनी जोडलेले हात पाठवले.

ती घरी आली तेव्हा मी ओलं फडकं घेऊन पुसत होतो. माझं डोकं एवढंच चालतं. तो तेलाचा रंग, वरून कोरडा, आत ओला. खडू त्याच्या रेघारेघांत जाऊन बसला होता. पुसला तसा काळ्याचा राखाडी झाला, आणि हळदीनं मधे असा डाग धरला की जणू कुणी वरणाचं पातेलं टेकवलं. पोरगी ओरडली असती तर बरं झालं असतं. ती जिन्याच्या पायरीवर बसली, जॅकेटसकट.

"अगं, मला वाटलं पाटी आहे."

"आय नो."

"मी पूजा केली गं. खराब करायला नाही केलं."

"आय नो, बाबा. दॅट्स द वर्स्ट पार्ट."

मग तिनं मला सांगितलं, सावकाश, लहान पोराला सांगतात तसं. इंटरव्ह्यूला बाकी चित्रं होतीच, पण तिचं सगळं बोलणं या चौकोनावरून सुरू होणार होतं. कितीतरी संध्याकाळी ती बारीक ब्रशनं एकावर एक थर देत होती. त्या रशियन माणसानं आपला चौकोन पहिल्यांदा लोकांना दाखवला तेव्हा इतर चित्रांसारखा भिंतीवर नाही लावला. खोलीच्या कोपऱ्यात, अगदी वर, छताला लागून लावला. रशियन घरात त्या कोपऱ्यात देवाची तसबीर असते. त्या जागेवर यानं काळा चौकोन ठेवला. पोरगीही तिचा तसाच कोपऱ्यात लावून त्याचे फोटोही नेणार होती.

मी म्हटलं, "म्हणजे देवघरच की. मग मी चुकलो कुठं?"

मला वाटलं ती हसेल. ती उठून वर गेली. माझे विनोद इथल्या हीटिंगसारखे आहेत, पाहिजे तेव्हा चालत नाहीत.

सोमवारी व्हिटबीला कामावर गेलो. माझा जोडीदार रशियन आहे. ड्रायवॉलच्या तयार भिंतींचे सांधे तो बुजवतो, रंग मी देतो. आम्ही दोघं एकमेकांशी जे इंग्लिश बोलतो ते इंग्रजांनी ऐकलं तर भाषा परत मागतील. सँडविच खाताना मी त्याला सगळं सांगितलं.

तो म्हणाला, "काळा चौकोन? आमच्या शाळेच्या पुस्तकात होता. मी त्याला वर हँडल काढलं आणि सूटकेस केली."

"आणि तो कोपरा?"

"आमच्या आईच्या गावच्या घरात होता तसा. आत शिरलं की आधी तिकडं बघायचं, मग माणसांकडं." त्यानं चहाचा घोट घेतला. "म्हणजे बघ. आमच्या माणसानं देव काढून चौकोन लावला. तू चौकोनावर देव काढलास. दोघांनी मिळून कामच केलं नाही."

मग तो पुन्हा सांधे बुजवायला गेला आणि मी पांढऱ्यावर पांढरा मारायला. पण माझ्या डोक्यात एक आयडिया आली होती, आणि माझ्या डोक्यात आयडिया आली की घरच्यांनी विमा काढावा. मी म्हटलं, अरे, काळा चौकोनच ना? मी पेंटर आहे. दुसरं मला काय येतं?

दुसऱ्या दिवशी कामाला दांडी मारली. लाकडी बोर्ड कापला, घासला, प्रायमर दिला, पांढऱ्याचे दोन हात दिले. मधे टेप लावून चौकोन आखला, कोपरे गुण्यात, म्हणजे काटकोनात, आहेत का बघितलं, आणि स्पंजच्या बारीक रोलरनं भिंतीचा काळा मॅट रंग मारला. दोन हात, मधे घासणी. टेप ओढली तेव्हा कडा अशी निघाली की तिच्यावर बोट कापेल. एवढं चांगलं काम मी पैसे घेऊन कधी केलं नाही. पोरगी शाळेतून यायच्या वेळी तो हॉलच्या कोपऱ्यात, वर, छताला लागून लावला आणि खाली उभा राहिलो. सरकारी उद्घाटनासारखा.

ती आली. पाठीवरची बॅग न काढता बघत राहिली.

"बाबा, ही भिंत आहे."

"भिंत कशी? चौकोन आहे. माप घे पाहिजे तर."

तिनं फोन काढला आणि त्या रशियन चौकोनाचा फोटो मोठा करून दाखवला. मी तो पहिल्यांदा नीट बघितला. तो चौकोन चौकोनच नव्हता. एक बाजू जरा चढलेली, एक उतरलेली. कडा थरथरलेली. काळ्याला भेगा पडलेल्या, आणि भेगांतून खालचे दुसरेच रंग डोकावत होते. पोरगी म्हणाली, त्या काळ्याच्या खाली आधीचं रंगीत चित्र आहे, त्यावरच त्यानं हा काढला.

"म्हणजे तयारी न करता मारला," मी म्हटलं. "म्हणून तडकला."

"त्याचा हात दिसतो, बाबा. यू कॅन सी ही वॉज देअर."

मी खाली बसलो. खांदा दुखत होता, आणि दांडी मारून उभं राहिल्यानं कामापेक्षा जास्त दमलो होतो. मामानं मला पहिल्या दिवशी शिकवलं होतं, ज्याचा हात दिसत नाही तो कारागीर. मी सगळं आयुष्य हात पुसत आलो. रिचमंड हिलपासून व्हिटबीपर्यंत इतक्या खोल्यांत लोक राहतात, आणि मी तिथं होतो असं एकाही भिंतीवर दिसत नाही. दिसलं तर मालक परत बोलावतो. आणि इथं एका माणसाचा हात थरथरला म्हणून शंभर वर्षं लोक बघायला जातात. मला राग नाही आला. पण त्या दिवशी पोरीनं केलेला चहा मी गार करूनच प्यायलो.

"मग माझ्या सरस्वतीत तरी हात दिसत होता की," मी म्हटलं.

ती थोडी हसली. पहिल्यांदा. "हो, दिसत होता. खूप."

"आणि तिला तरी कुठं तोंड, हात, वीणा? सगळे एकावर एक. शाळेत आम्ही वर्षानुवर्षं काढली, याचा अर्थ काय असं कुणी विचारलं नाही."

"दॅट्स अॅक्च्युअली अ गुड पॉइंट, बाबा."

हे वाक्य मी लॅमिनेट करून ठेवणार होतो.

नवा कॅनव्हास रंगवून वाळायला वेळ नव्हता. ती त्याच खराब झालेल्याला घेऊन पुन्हा फर्नेसच्या मागं बसली. खडू निघेल तेवढा खरवडला, राहिला तो राहू दिला, आणि लवकर वाळणारा काळा बारीक ब्रशनं वर चढवत गेली. मी कामावरून आलो की उलटी बादली घेऊन शेजारी बसायचो. एक शब्द बोलायचा नाही ही अट. कधी कधी तिथंच डोळा लागायचा. एकदा जागा झालो तर ती काळ्यातून अजून दिसणाऱ्या सरस्वतीच्या एका एकच्या आकड्याकडं बघत होती, ब्रश हवेत धरून. मी विचारलं, "हा राहू देणार?" ती म्हणाली, "लेट्स सी." आणि त्यावर रंग ओढला.

इंटरव्ह्यूला बायको घेऊन गेली. मी व्हिटबीला कुणाच्या तरी छताखाली शिडीवर होतो. परत आल्यावर पोरगी म्हणाली, "इट वॉज फाइन." बायको म्हणाली, पार्किंग मिळालं नाही. याच्यापुढं मला कुणी काही सांगितलं नाही, आणि मीही विचारलं नाही, कारण उत्तर वाईट आलं तर त्याच्या मुळाशी हळदीचा डाग असणार हे मला माहीत होतं. तो सगळा हिवाळा मी बर्फ ओढताना मनातल्या मनात पोरीला कंप्यूटर शिकवत होतो. मलाच ऑन करता येत नाही.

बर्फ वितळायला लागला तेव्हा कळलं. तिला घेतलं. बायको पहिल्यांदा मोठ्यानं रडली आणि मग म्हणाली, आता पोटापाण्याचं बघावं लागेल. मी कामावर सगळ्यांना सांगितलं. जोडीदारानं मला उचलून दुखऱ्या खांद्यावर थाप मारली.

पाडव्याला ओळखीच्यांकडं जेवण होतं. तिथं सगळे पुण्या-नागपूरचे इंजिनिअर, सॉफ्टवेअरवाले, मी सोडून. एरवी मी तिथं श्रीखंडाच्या भांड्याजवळ उभा राहतो. त्या दिवशी एकानं विचारलं, "काय हो, पोरगी आर्टला चालली म्हणे? कसं जमवलं?" आणि मी सुरू झालो. दसरा सांगितला, पाटी सांगितली, रशियन कोपरा सांगितला. माणसं भोवती जमायला लागली. मग मला राहवेना. म्हटलं, त्या कॉलेजच्या बाई चौकोनासमोर उभ्या राहिल्या, हलेचनात. म्हणाल्या, या काळ्याच्या खाली काहीतरी आहे. शंभर वर्षांपूर्वीच्या त्या रशियनाच्या खालीही रंग होता, आणि आमच्या पोरीच्या खाली सरस्वती. तिथंच सीट पक्की! आता कुणी काही म्हणो, पण कॅनडात पोरीला आर्टला घातलं ते माझ्या खडूनं.

सगळे वा वा करत होते. एक वहिनी म्हणाल्या, अंगावर काटा आला बाई.

पोरगी मागंच उभी होती, हातात पुरीची ताटली घेऊन.

"बाबा, त्यांना माझी बस स्टॉपवरच्या लोकांची ड्रॉइंग्ज आवडली. तुझा तो सरस्वतीवाला स्क्वेअर आईच्या कारच्या ट्रंकमध्ये होता, वॉशर फ्लुइडच्या कॅनखाली. मी तो आत नेलाच नाही."